गोटाटोकावरचा जवारा

गोटाटोकाले जाचं म्हणून मी पाच वाजता उठली, तवाच माझं आंग म्हणत होतं का बाई, नको जाऊ. गुडघे रात्रभर ठणकले होते. डोळे चुरचुरत होते. खुशीनं चहा केला, तो मी उभ्या उभ्याच घेतला. बसली असती तं उठली नसती. अडुसष्ट वर्षांची झाली मी. "या वयात माणसं तीर्थाले जातेत, अन् आजी तू गोटे पाहाले चालली," असं ऑटोवाला म्हणाला. त्याले म्हटलं, तू ऑटो चालव.

खुशी माझी नातीन, माझ्या लिलाधरची पोरगी. चोवीस वर्षांची आहे. भंडाऱ्याले एका लॅबमध्ये लोकाइचं रक्त तपासते. हे सारं रामायण तिच्याच लग्नाचं आहे. तिले विक्की पसंत आहे. विक्की वरठीच्या कारखान्यात कामाले आहे, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, जाणं-येणं मोटरसायकलनं. पोरगा चांगला आहे. खर्रा खाते थोडा, तंबाखू-सुपारीचा, पण आता कोण नाई खात? मले तो लहानपणापासून माहीत आहे, कारण तो माझ्या जवाराचा नातू आहे.

जवारा म्हणजे काय, ते आजकालच्या पोट्ट्याइले सांगा लागते. नवरात्रात घटाजवळ गहू पेरतेत, नऊ दिवसांत त्याचे पिवळे कोंब येतेत, तो जवारा. दोन पोरी, नाई तं दोन पोरं, ते कोंब एकमेकाच्या कानामागं खोवतेत अन् तवापासून जन्मभराचे एकमेकाचे होतेत. जात त्यात पाहत नाई कोणी. सख्ख्या बहिणीशी भांडण चालते, जवाराशी चालत नाई. तिच्या घरी मयत झाली तं आपल्या घरी सुतक. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचं नाव घ्याचं नाई. मरेपर्यंत नाई. हाक माराची तं 'जवारा' म्हणूनच माराची, तिनं बी तसंच.

आमी जवारा धरला तवा मी पंधरा वर्षांची होती, ती बी तेवढीच. माझं मायेर गोटाटोकाच्या पायथ्याशी. मी तिथं मोहफुलं वेचाले जात होती अन् ती बापासंग मासे घेऊन येत होती. आमी कुणबी, धानवाले. ते ढिवर, नदीवाले. तिच्या टोपलीतले झिंगे मी खाल्ले, माझ्या ओटीतली मोहफुलं तिनं नेली, असं करत करत झालं ते. मंग माझं लग्न झालं, तिचं झालं. धरण आलं, तिचं गाव पाण्यात गेलं, तवा तिची भांडी-कुंडी चार महिने माझ्या कोठ्यात होती. माझा मालक वारला, तवा ती दहा दिवस माझ्याजवळ जमिनीवर झोपली. एवढं सांगितलं तरी पुरे.

आता विक्कीची गोष्ट निघाली, तवा लिलाधरनं दोन दिवस तोंड उघडलं नाई. तिसऱ्या दिवशी परसरामले बलावलं. परसराम आमच्या भावकीतला म्हातारा माणूस, रीतभात त्यालेच विचारतेत. ओसरीत बसले दोघं. मी आतल्या दाराजवळ तांदूळ निवडत होती. खुशी माझ्या मागं उभी.

"आई अन् मावशी जवारा आहेत," लिलाधर म्हणाला. "जवारा म्हणजे सख्ख्या बहिणीच्या वर. मंग मावशीचा सोमाजी माझा मावसभाऊ झाला. मंग त्याचा विक्की अन् आमची खुशी भाऊबहीण झाले. भाऊबहिणीचं लग्न लावतेत का कुठं? मी तं नाई म्हणत नाई, पण रीतच आडवी येऊन राहिली."

परसरामनं मान हालवली. म्हणाला, "पाप लागते. जवारा आहे तवर नाई जमत. उतरवला असता तं गोष्ट वेगळी होती. पण आता या वयात कोण उतरवते?"

मी सुपातून मान वर काढली. "कसा उतरवतेत?"

दोघंही माझ्याकडं पाहाले लागले. परसराम म्हणाला, "जिथं धरला तिथं जा लागते, वहिनी. एकमेकीसमोर उभं राहून नाव घेऊन हाक माराची. समोरचीनं ओ द्याची. मंग तिनं हाक माराची. झालं, सुटले. मी एकदाच पाह्यलं आहे, लहान होतो तवा. दोन माणसं बांधावरून भांडली होती, त्याइनं उतरवला. पण मंग जन्मात एकमेकाच्या दारात गेले नाई ते."

त्यानं हे सांगतलं कारण त्याले वाटलं, बुढ्या काई जात नाईत. लिलाधरलेही तेच वाटलं. मी त्याची आई आहे, त्याच्या पोटात दुसरीच गोष्ट आहे हे मले समजत होतं. पण तो ती बोलत नव्हता अन् मी बी विचारत नव्हती. विचारली असती तं त्याले दुसरं काई सापडलं असतं. पोटात गोष्ट लपवणारा माणूस असा आडोशानंच जाते. मी म्हटलं, आडोसाच काढून टाकू.

खुशी रात्री माझ्याजवळ येऊन झोपली. म्हणाली, "आजी, तू नको करू असं काई. आमी कोर्टात करून घेऊ."

"बापाले सोडून?"

बापाले सोडून नव्हतं कराचं तिले, हेच तं होतं. बाप तिचा जीव आहे. लॅबमध्ये लागली तवा पयल्या पगाराची तिनं त्याच्यासाठी चप्पल आणली होती, ती त्यानं अजून घातली नाई, ठेवून दिली आहे खोक्यात. अशा पोरीले कोर्टात जा म्हणून कोण सांगन?

मी जवाराले फोन लावला. सगळं सांगतलं. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मले वाटलं फोन कटला. मंग म्हणाली, "कधी जाचं?"

तर असं जाणं होतं ते.

ऑटोवाल्यानं मले डांबर संपते तिथं सोडलं. पुढं चालाचं, एक किलोमीटर असन, पण गोट्यागोट्याची वाट. ती आधीच येऊन पळसाखाली बसली होती. वाळून गेली आहे पार. खोकला आहे तिले हिवाळ्यापासून. पायात पोराचे जुने प्लास्टिकचे बूट होते. हातात एक पिशवी.

"उशीर केला," ती म्हणाली.

"ऑटोवाला शहाणा होता."

मंग आमी चालाले लागलो. एकमेकीचा हात धरून, कारण दोघीत मिळून एकच धड पाय होता. दहा पावलं चालाचं, थांबाचं. ऊन नऊ वाजताच डोक्यात जाऊन राहिलं होतं. मोहाची फुलं वाळून वाटेवर पडली होती, कोणी वेचलीही नव्हती. दोघीइनं पाह्यलं, पण वाकाची ताकद नव्हती कोणात.

गोटाटोक तुमी पाह्यलं नसन तं सांगते. टेकडीचं नाक आहे ते, सरळ पाण्यात घुसलेलं. आधी खाली नदी होती, आता धरण झाल्यापासून तिन्ही बाजूनं पाणीच पाणी आहे, पलीकडचा काठ दिसत नाई सकाळच्या धुरकटात. वारा असते, लाटा येऊन आपटतेत. नागपूरची माणसं रविवारी गाड्या घेऊन येतेत अन् म्हणतेत, अगदी समुद्र आहे. अन् त्या नाकावर ते गोटे. माणसाच्या उंचीचे, दीड माणसाच्या उंचीचे, पातळ पातळ, काळा पट्टा पांढरा पट्टा, सगळे एकाच बाजूले कललेले. पत्रावळीची चळत आडवी करून ठेवावी तसे. कोणी उभे केले नाईत, जमिनीतूनच तसे निघाले आहेत. आता सरकारनं पाटी लावली आहे तिथं, दोनशे कोटी वर्षांचे म्हणून. आमच्या लहानपणी पाटी नव्हती, तवा बी ते तेवढेच जुने होते.

आमाले वाटलं बुधवारी कोणी नसन. पण एक कॉलेजची गाडी आली होती. वीस-पंचवीस पोरं-पोरी, डोक्यावर टोप्या, हातात लहान हातोड्या. त्याइचा सर एका गोट्यावर हात ठेवून सांगून राहिला होता. आमी तिथं टेकलो. टेकलो म्हणजे आता जीव जाते असं वाटून टेकलो.

एक पोरगी आली. "आजी, थोडं साइडले होता का? फोटोत येऊन राहिल्या तुमी."

"आली तं येऊ दे," मी म्हटलं. "गोटे तुझ्या आधीचे आहेत, अन् मी बी तुझ्या आधीची आहे."

सर चांगला माणूस होता. तो हसला अन् पोरीले दुसरीकडं पाठवलं. आमाले पाणी दिलं बाटलीतलं, थंडगार. मंग म्हणाला, "आजी, तुमी इथल्याच का? तुमाले माहीत आहे का, इथं कोण्या काळी समुद्र होता. हे गोटे म्हणजे त्या समुद्राच्या तळाचा गाळ आहे. गाळ दबला, तापला, वाकला अन् असा उभा झाला."

जवाराले मातर ते पटलं नाई. "समुद्रात मासे कोणते होते?" तिनं विचारलं.

"मासे नव्हते तेव्हा. मासे लय नंतर आले."

"मंग समुद्र कायचा," ती म्हणाली अन् बाटली त्याले परत दिली.

पोरं हासली. ती बी हासली, मंग खोकला आला तिले, खोकता खोकता डोळ्यातून पाणी आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ नुसती हाडं झाली आहे. मले एकदम वाटलं, कायले आलो आपण इथं? या बाईले घेऊन घरी जावं, गरम पाणी द्यावं, झोपवावं. लिलाधर गेला खड्ड्यात. पण मंग खुशीचं तोंड आठवलं. ते चपलेचं खोकं आठवलं.

"चल," मी म्हटलं.

जिथं आमी धरला होता तो गोटा अगदी टोकाले, खालच्या अंगाले. तवा कोरडा होता, बकऱ्या बसत त्याच्या सावलीत. आता अर्धा पाण्यात आहे. पावसाळ्यात तं दिसतही नसन, एप्रिल होता म्हणून दिसला. तिथं उतराले वाट नाई. ती ढिवरीण, पाण्याले काय भेते, लुगडं खोचून सरळ गुडघाभर पाण्यात गेली. मी भेते. मी पाय टाकला, शेवाळावरून घसरला, नडगी खरवडली, रक्त आलं. तिनं मले बखोटीले धरून ओढलं अन् त्या गोट्याच्या उतरणीवर बसवलं. दोघीचे पाय पाण्यात. लुगडी ओली. वरून पोरांचा आवाज येत होता, पण ते दिसत नव्हते.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय. घे नाव."

"तू घे पयले. तू मोठी आहेस."

"मी कायची मोठी? तू पोळ्याची, मी दिवाळीची. तू मोठी आहेस."

"मी पोळ्याची कोण म्हणे? माय म्हणे मी आखाडातली."

"मंग तं अजूनच मोठी झाली."

मंग पिशवी उघडली तिनं. आत डबा होता. तांदळाच्या भाकरी अन् झिंग्याची चटणी. म्हणाली, "उतरवल्यावर एका डब्यात खाता येते का नाई, परसरामले विचारलं का तू?"

मी नव्हतं विचारलं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मंग आधी खाऊन घेऊ," ती म्हणाली.

खाल्लं आमी. भाकर कोरडी झाली होती, घशाखाली उतरत नव्हती, पण दोघीइनं सगळी खाल्ली, तुकडा बी ठेवला नाई. तिनं चटणीचा शेवटचा घास माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं तू खा, ती म्हणाली तू खा, अन् शेवटी अर्धा अर्धा केला. मंग डबा त्याच पाण्यात धुतला तिनं. धुताले लय वेळ लावला. मले बी घाई नव्हती. एकीकडं वाटत होतं, लवकर होऊन जाऊ दे, लय थकलो. एकीकडं वाटत होतं, हा डबा धुताधुता संध्याकाळ होऊन जावी.

"विक्की खुशीले सुखात ठेवन," ती म्हणाली, डब्याकडं पाहत. "मी जिवंत आहे तवर तं पाहीन मी."

"मले माहीत आहे."

"लिलाधर खरंच एवढ्यासाठी अडला आहे का?"

मी तिच्याकडं पाह्यलं. तिले बी समजलं होतं तं. ढिवराच्या घरात जन्म काढला तिनं, तिले न समजाले काय झालं? तरी आली होती ती, खोकत खोकत, पोराचे बूट घालून.

"नाई," मी म्हटलं. "पण हे काढून टाकलं का मंग त्याले ते बोला लागन."

ती उठली. मी बी उठली. समोरासमोर उभ्या राह्यलो, एक हात त्या गोट्यावर, पडू नये म्हणून. पाणी पायाशी हालत होतं. त्रेपन्न वर्षं जे नाव मी घेतलं नाई, ते दुसऱ्या कोणी घेतलं तं मी तोंड फिरवाची. तिच्या नावाच्या आमच्या गावात दोघी होत्या, त्याइले बी मी वेगळ्याच नावानं हाक मारत होती. मले वाटलं आता ते जिभेवर येणारच नाई. पण आलं.

"रुखमा," मी म्हटलं.

ती माझ्याकडं पाहत राह्यली. तिचं तोंड असं झालं जसं मी तिले मारलं. मले रडू आलं, पण मी रडली नाई, कारण मी रडली असती तं ती गेली असती तिथून, ओ न देताच. मी थांबली. वर कोणी शिट्टी वाजवली, पोराइले गाडीत बसा म्हणून.

"ओ," ती म्हणाली.

मंग तिनं माझं नाव घेतलं. "बायाबाई." हळूच. आपल्याले परकं माणूस हाक मारते तसं वाटलं मले.

"ओ," मी म्हटलं.

झालं. एवढंच असते ते. कोंब नाई, हळद नाई, कोणी साक्षीले नाई. गोटा तसाच, पाणी तसंच. आमी वर चढलो. चढताना तिनं मले हात दिला, पण वर आल्यावर सोडून दिला. चुकून सोडला का ठरवून, मले कळलं नाई. विचारणार कसं? विचारासाठी आधी हाक मारा लागते. मी तोंड उघडलं अन् बंद केलं. जवारा म्हणता येत नव्हतं, नाव घ्यावं तं जीभ पुन्हा उचलत नव्हती. डांबरापर्यंत आमी बोललो नाई. ती पुढं, मी मागं, ती दहा पावलावर थांबे, मी बी थांबो. पळसाखाली तिची बस येईपर्यंत बसलो. बस आली तं म्हणाली, "नडगीले हळद लाव." अन् गेली.

मी घरी आली तवा चार वाजले होते. लिलाधर आंगणात बसून पंपाचं स्टार्टर खोलून राहिला होता, उन्हाळी धानाले पाणी द्याचं होतं. सून दळणाले गेली होती. खुशी त्या दिवशी कामावर गेलीच नव्हती, दारात उभी होती. माझं लुगडं खालून ओलं होऊन वाळलं होतं, चिखलाचा पट्टा उमटला होता त्यावर. पायावर रक्त होतं.

"काय झालं? पडली का?" लिलाधर उठला.

"बस खाली," मी म्हटलं. "गोटाटोकाले गेली होती. जवारा उतरवला."

त्याच्या हातातला पाना तसाच राह्यला. "काय?"

"तुले अडचण होती नं. काढली ती. आता ती तुझी मावशी नाई, सोमाजी तुझा भाऊ नाई, विक्की अन् खुशी भाऊबहीण नाईत. आता बोल, लग्नाले काय आडवं येते?"

"आई, तू खरंच गेली?" तो म्हणाला. "मी तं असंच म्हणलो होतो."

असंच म्हणलो होतो. मी तिथंच ओट्यावर बसली. उभं राहाची शक्ती होती तेवढी त्या शब्दानं गेली. मले वाटलं ओरडावं त्याच्यावर, चार शेजारी जमा होतीन असं ओरडावं. पण ओरडाले बी आंगात काई लागते.

"मंग आता असंच नको म्हणू," मी म्हटलं. "आता खरं म्हण. मी ऐकते, खुशी बी ऐकते."

तो स्टार्टरचे स्क्रू एका ओळीत लावत होता जमिनीवर. मंग म्हणाला, "आई, ते ढिवर आहेत."

निघालं शेवटी. खुशी दारातून हालली नाई.

"आहेत," मी म्हटलं. "ते तं मी पंधरा वर्षांची होती तवा बी होते. तू दहावीले होता, शाळा दूर पडे, म्हणून वर्षभर तिच्या घरी राह्यला, तवा बी ते ढिवरच होते. तिच्या हातचं खाल्लं. तुले टायफॉइड झाला तं तिनं तुले खाटेवर टाकून दवाखान्यात नेलं, मी दोन दिवसांनी पोहोचली. तवा जात आडवी नाई आली तुले?"

"ते वेगळं, आई. लोकं काय म्हणतीन?"

"हे तू सोमवारी, परसराम आला तवाच, म्हटलं असतं नं बापू, तं मी तुझ्याशी भांडली असती. महिनाभर भांडली असती. जिंकली असती का हारली असती, पण माझी जवारा माझ्याजवळ राह्यली असती. तुले लाज वाटली खरं बोलाची, म्हणून तू तिचं नाव पुढं केलं. अन् मी ते नाव घेऊन आली."

मले त्याले लागन असं बोलाचं नव्हतं. पण मी थकली होती, अन् थकलं का माणूस खरं बोलते. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी चोरी पकडली का तसेच होत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खुशीनं पाह्यलं अन् माझ्याकडं आणला, आवाज मोठा करून, मले कमी ऐकू येते म्हणून.

"पोहोचली का?" तिकडून ती म्हणाली. तिचा फोन आला का पयला शब्द 'जवारा' असे. आज नुसतंच, पोहोचली का.

"पोहोचली."

"हळद लावली का?"

"लावते आता."

मंग तिनं विचारलं, "लिलाधर काय म्हणते?"

मी लिलाधरकडं पाह्यलं. माझं बोलाचं संपलं होतं. फोन हातात तसाच धरून बसली. तिकडं तिचा खोकला ऐकू येत होता, दूर कुठं कोंबडी ओरडत होती. लिलाधर बी ऐकत होता तो खोकला. मंग तो उठला, हात पँटले पुसले, अन् माझ्या हातातून फोन घेतला.

"मावशी," तो म्हणाला. आवाज बसला होता त्याचा. "रविवारी आमी तुमच्या घरी येऊन राहिलो. सगळेच. खुशीची बोलणी कराले."

ती म्हणाली, "ये बाप्पा. जेवालेच या."

"औषध घेता नं, मावशी, खोकल्याचं?"

"घेते बाप्पा, घेते."

खुशी दाराच्या चौकटीले डोकं टेकून रडून राहिली होती. लिलाधर तिच्याजवळ गेला, डोक्यावर हात ठेवला तिच्या, तेलकट हात, तिनं तो तसाच राहू दिला. मले बरं वाटलं, खोटं कायले बोलू? त्यासाठीच तं गेली होती. मी ओट्यावरच आडवी झाली, नडगीले हळद न लावताच. ते दोघं आत गेले. लिलाधर आत तिले सांगून राहिला होता, मावशीले असं विचारू, मावशी तसं म्हणन, मावशीले न्याले-आणाले गाडी करू. मावशी, मावशी. त्याची मावशी त्याची त्याले राह्यली. माझी जवारा मी सकाळी पाण्यात सोडून आली.